पोकळ डबा

वाङ्मयाच्या अध्यापनात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना यंत्रांतले काही कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. आम्ही तो खोडून काढण्याचा प्रयत्न कधी केला नाही. उलट वेळोवेळी त्याचा आडोसाच घेतला. 'आम्हांला काय कळते त्यातले' हे वाक्य उच्चारले की बऱ्याचशा जबाबदाऱ्या आपसूक दुसऱ्याच्या अंगावर जातात. प्रस्तुत हकिगतीची सुरुवात याच वाक्याने झाली, म्हणून ते आधीच नोंदवून ठेवतो.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही डिझेलवर चालणारी मोटार घेतली. विक्रेत्याने आमचे रोजचे अंतर विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. घर कोथरूडात, महाविद्यालय तेथून साडेचार किलोमीटरवर. जाताना कर्वे रस्त्याची गर्दी, येताना तीच गर्दी. दीड वर्ष सुखाने गेले. २०२३ च्या जुलैत गाडीच्या दर्शकपटलावर एक पिवळा दिवा लागला. नळकांड्यासारखी एक आकृती आणि तिच्या पोटात काही ठिपके. कवितेतील प्रतिमा उलगडून दाखवण्यासाठी शासन ज्यांना वेतन देते त्या आम्हांला ही प्रतिमा काही उलगडली नाही. तिचा अर्थ गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तकात एका पानावर स्वच्छ लिहिलेला होता. पण वर्गात तीस वर्षे 'संहितेकडे जा, संहितेकडे जा' असे सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीची संहिता एकदाही उघडली नव्हती. ऑगस्टमध्ये गाडीने वेग घेणे सोडले.

त्या आकृतीचे नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, गॅरेजच्या भाषेत डीपीएफ. इंजिनातून निघणारा धूर बाहेर पडण्यापूर्वी एका धातूच्या डब्यातून जातो. त्या डब्यात सिलिकॉन कार्बाइड किंवा तत्सम सिरॅमिकचा, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा ठोकळा असतो. त्याच्या शेकडो बारीक वाहिन्यांची तोंडे एकाआड एक बुजवलेली असतात. एकीत शिरलेला वायू शेजारच्या वाहिनीत सच्छिद्र भिंतीतूनच झिरपू शकतो आणि काजळी भिंतीवर अडकून राहते. धडधाकट फिल्टर नव्वद टक्क्यांहून अधिक काजळी अडवतो. अडलेली काजळी साचत गेली की गाडीचा संगणक थोडे जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि ती जाळून टाकतो. यासाठी इंजिन काही काळ एका लयीत, गरम अवस्थेत चालावे लागते. आमचे साडेचार किलोमीटर म्हणजे सिग्नलवर थांबत-थांबत केलेली वीस मिनिटे. जळण्याची क्रिया सुरू होण्याच्या बेतात यायची आणि आम्ही महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरून किल्ली फिरवायचो. गाडी दीड वर्ष श्वास रोखून धरत होती, असे म्हणायचा मोह होतो. पण अलंकारांनी येथे अपराध सौम्य होऊ नये, म्हणून आवरतो.

कंपनीच्या सेवाकेंद्राने फिल्टर बदलण्याचा खर्च १ लाख ३० हजार रुपये सांगितला. आम्ही तो कागद खिशात घालून घरी आलो आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी असलेल्या गॅरेजात गेलो. तेथले मिस्त्री आमच्या परिचयाचे. त्यांनी कागद पाहिला आणि परत दिला.

"सर, बदलायचा कशाला? काढूनच टाकू. अठरा हजारांत काम होतं. ॲव्हरेज वाढेल, गाडी पळेल."

"पण हे चालते का?" आम्ही विचारले.

"सगळे करतात, सर. डबा तोच ठेवायचा, आतलं काढायचं. बाहेरून कोणाला दिसत नाही. पीयूसीची जबाबदारी माझी."

"आम्हांला काय कळते त्यातले," आम्ही म्हणालो. हे वाक्य म्हणजेच आमची संमती होती, हे त्यांना लगेच कळले. आम्हांला कळायला सात महिने लागले.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. गाडी घ्यायला आम्ही जरा लवकरच पोहोचलो, त्यामुळे जे पाहायचे नव्हते तेही पाहावे लागले. डबा कापून उघडलेला होता. सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा लोखंडी सळईने आतले पोळे फोडत होता. प्रत्येक घावासरशी काळा भुगा उडे. त्याच्या तोंडावर साधा रुमालही नव्हता. शेवटी त्याने डबा उपडा करून आपटला, फरशीवरचा ढीग झाडूने दाराबाहेर लोटला आणि पावसाच्या पाण्याने तो गटारात नेला. मग डब्याला डाग देऊन तो पूर्ववत बसवण्यात आला. कुणीतरी लॅपटॉप जोडून गाडीच्या संगणकाला सांगितले की असा फिल्टर येथे कधी नव्हताच. पिवळा दिवा गेला. आम्ही पैसे दिले.

गाडी खरोखरच पळू लागली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नोव्हेंबरात पीयूसीची मुदत संपली. पेट्रोलपंपाशेजारच्या टपरीतल्या मुलाने धुराड्यात नळी घातली, चार-पाच वेळा इंजिन रेटायला लावले आणि वर्षभराचे प्रमाणपत्र हाती ठेवले. ही चाचणी धुराची अपारदर्शकता मोजते. त्यातून प्रकाश किती आडतो एवढेच पाहते. कण मोजत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनी डिझेल मोटारीला किलोमीटरमागे साडेचार मिलिग्रॅम कणांची मर्यादा घातली आहे. त्याआधीच्या स्टेज ४ मध्ये ती पंचवीस मिलिग्रॅम होती. शिवाय कणांच्या संख्येलाही मर्यादा आहे : किलोमीटरमागे ६० हजार कोटी. इतक्या बारीक गोष्टीचा हिशेब टपरीतली नळी कोठून ठेवणार? आमच्या हातात मात्र शिक्का होता, आणि शिक्का हाती असला की मन फार चौकशा करत नाही.

ज्या टेकडीवर आम्ही रोज सकाळी फिरायला जातो तिला पुण्यात अनेक जण एआरएआय टेकडी म्हणतात, कारण वाहनांच्या चाचण्या घेणारी ती संस्था तिच्याच अंगावर वसलेली आहे. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर ठपका ठेवला तेव्हा या टेकडीवरच्या चाचण्याही बातम्यांत आल्या होत्या. त्या प्रकरणी मुद्दा काजळीचा नव्हता, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा होता. परंतु युक्ती ओळखीची होती : चाचणी चालू आहे हे गाडीचा संगणक ओळखायचा आणि तेवढ्यापुरती गाडी सज्जन व्हायची. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ती प्रणाली असल्याचे कंपनीने मान्य केले. त्या दिवसांत सकाळच्या मंडळींत आम्ही परदेशी भांडवलदारांच्या नीतिमत्तेवर पुष्कळ बोललो होतो. आता त्याच वाटेने चालताना आम्ही साहित्यसंमेलनाविषयी बोलत असू.

२०२४ च्या जानेवारीत एका संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण आमच्या टेबलावर आले. विषय साठोत्तरी कवितेचा. तिसऱ्याच पानावर आम्ही अडखळलो. तेथे 'साठीनंतरची कविता' असा शब्दप्रयोग होता, आणि तो पुढेही सर्वत्र होता; जणू कवींनी निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर लेखणी उचलली. 'लघुअनियतकालिके' या शब्दाच्या जागी 'छोटी अनिश्चित काळाची पत्रे' अवतरली होती. उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मूळ मजकूर दुसऱ्या कुणाचा होता. तो साम्य शोधणाऱ्या संगणकप्रणालीत पकडला जाऊ नये म्हणून कुणाकडून तरी शब्द बदलून आणले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. विद्यार्थ्याने अहवाल सोबत जोडला होता.

"सर, नऊ टक्के आले आहेत," तो म्हणाला.

आम्ही त्याला सुमारे अर्धा तास बोललो. मोजपट्टी ज्या गोष्टीसाठी केली ती गोष्ट आणि मोजपट्टी यांत फरक असतो. साम्य कमी असणे म्हणजे लेखन स्वतःचे असणे नव्हे. प्रबंधाचा सांगाडा तसाच ठेवून आतला विचार काढून टाकला तर उरते काय? असे बरेच काही. बोलणे चांगले झाले. इतके चांगले झाले की ते ऐकताना आमच्याच घशाला कोरड पडली. 'सांगाडा तसाच ठेवून आतले काढून टाकणे' हे शब्द आम्ही प्रबंधासाठी वापरले होते, पण ते आमच्या तोंडी अठरा हजारांच्या पावतीवरून आले होते. मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याने विचारले नाही, पण त्याने विचारले असते की 'सर, सगळेच करतात', तर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तरीही आम्ही काही केले नाही. आत्मज्ञान आणि कृती यांत केवढे अंतर असू शकते याची साक्ष वाङ्मयात पानोपानी आहे. येथे एक आमचीही असो.

कृतीला कारण झाल्या त्या तळमजल्यावरच्या काकू. आमची गाडी उभी राहते तिच्या मागची भिंत त्यांच्या स्वयंपाकघराची. भिंतीत एक खिडकी, खिडकीबाहेर कठड्याची लहान जागा. दर वर्षी होळीनंतर काकू त्या कठड्यावर कुरडया वाळत घालतात. मार्चच्या एका सकाळी आम्ही गाडी सुरू केली आणि आरशात त्यांचा हात दिसला. हात बाहेर आला, कुरडयांचे ताट आत गेले आणि खिडकी बंद झाली. यात घाई नव्हती, त्रागा नव्हता. रोजचा सराव दिसत होता. म्हणजे हे कित्येक महिने चालले असणार आणि आम्ही आरशात पाहिलेच नसणार. गाडी बंद करून आम्ही मागे गेलो. धुराड्याच्या उंचीवर भिंतीला ताटाएवढा काळा डाग पडला होता.

"काकू, धुराचा त्रास होतो का?" आम्ही खिडकीशी जाऊन विचारले.

"त्रास कसला हो, सर. ह्यांना जरा खोकला असतो ना, म्हणून लावून घेते. तुम्ही निघा, तुम्हांला उशीर होईल."

आम्हांला उशीर होऊ नये याची काळजी त्या करत होत्या. काकांचा खोकला आमच्या गाडीआधीपासूनचा आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. तो आमच्यामुळे वाढला असे कोणताही वैद्य छातीठोकपणे सांगणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ च्या जूनमध्येच डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, हे आम्ही त्याच रात्री वाचले. आणि ज्या प्रश्नापासून सात महिने तोंड चुकवले होते तो प्रश्न घेऊन बसलो : आपण जे केले ते कायदेशीर होते का?

कायदा ही एक संहिताच. वाचायला हरकत नव्हती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ मालकाला सांगते की नोंदणीपत्रातला तपशील आणि निर्मात्याने मुळात नमूद केलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल त्याने वाहनात करू नये. मिस्त्रींचा युक्तिवाद आम्हांला आठवत होता : नोंदणीपत्रात फिल्टरचा उल्लेखच नाही. खरे आहे, नाही. पण आमच्या पत्रात 'भारत स्टेज ६' ही ओळ आहे, आणि फिल्टर काढल्या दिवसापासून ती ओळ खोटी झाली होती. कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार की ज्याने त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, असे म्हटले आहे. धुराड्याच्या पोटातले पोळे हे मूलभूत वैशिष्ट्य का, यावर एखादा वकील दोन दिवस बोलू शकेल. आम्हीसुद्धा एक चर्चासत्र घेऊ शकू. पण २०१९ च्या जानेवारीत केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात बदल करता येणार नाही, असाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ घातले : परवानगीबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

त्यातूनही सुटू पाहणाऱ्यासाठी कलम १९० चे दुसरे उपकलम आहे. ते बदलाविषयी बोलतच नाही. हवेच्या प्रदूषणासंबंधीची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी जो चालवतो किंवा चालवू देतो त्याच्याविषयी ते बोलते. त्याच दुरुस्तीने पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद तेथे केली. म्हणजे डबा पोकळ करणे ही एक गोष्ट आणि पोकळ डब्यानिशी रोज सकाळी काकूंच्या खिडकीखाली गाडी सुरू करणे ही दुसरी. पहिली आम्ही एकदा केली. दुसरी शेकडो वेळा.

इंग्लंडात राहणाऱ्या भाच्याला फोन केला तेव्हा तो हसला. "मामा, इथे पण हेच आहे. फिल्टर काढणं हा गुन्हा नाही, काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं हा गुन्हा. त्यामुळे गॅरेजवाले सरळ लिहायचे, फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी." तेथल्या वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर आहे की नाही हे २०१४ च्या फेब्रुवारीपासून पाहू लागले. तेव्हा डबा तसाच ठेवून आतून पोकळ करण्याची कला वाढली. २०१८ च्या मेपासून नियम आला की मूळचा फिल्टर असलेल्या गाडीतून डोळ्यांना दिसेल असा कोणताही धूर निघाला तर ती नापास. मोटारीला दंडाची कमाल मर्यादा एक हजार पौंड. नियम आणि पळवाट यांचा हा पाठशिवणीचा खेळ आम्हांला परका वाटला नाही. परीक्षा विभागात तो आम्ही उमेदवारीपासून पाहत आलो आहोत.

एक गोष्ट मात्र खटकली. आपल्या कायद्याची ही वाक्ये मालकाकडे आणि चालवणाऱ्याकडे बोट दाखवतात. सळई हातात घेतलेला पोरगा त्यांत कोठेच नाही. प्रथम आम्हांला हे अपुरे वाटले. मग वाटले, हेच योग्य आहे. सळई त्याच्या हातात होती, पण ती फिरावी म्हणून 'आम्हांला काय कळते त्यातले' असे म्हणणारा तो नव्हता.

एप्रिलमध्ये आम्ही नवा फिल्टर बसवून घेतला. १ लाख ३० हजार, अधिक संगणक पूर्ववत करण्याचे आठ हजार. पूर्वीचे अठरा हजार गेले ते गेलेच. मिस्त्रींना हे आम्ही स्वतः जाऊन सांगितले, कारण मागून कळले असते तर तो त्यांच्यावर वचक ठेवल्यासारखा झाला असता. त्यांनी शांतपणे ऐकले.

"सर, तुमचं बरोबर आहे. पण माझ्याकडे टेम्पोवाला येतो. गाडी उभी राहिली तर हप्ता थकतो. त्याला मी सव्वा लाखाचा आकडा सांगू का?"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. एवढेच म्हणता येईल की टेम्पोवाल्याची अडचण आम्ही आमच्यासाठी उसनी घेतली होती. आम्हांला पगार होता, वेळ होता, वाचता येत होते. पुढे असेही कळले की दिवा लागला त्याच आठवड्यात अर्धा तास महामार्गावर एका वेगाने गाडी नेली असती तर काजळी बहुधा जळून गेली असती. त्यानंतरही फिल्टर यंत्राने जाळून किंवा उतरवून धुऊन साफ होण्याची शक्यता होती. सेवाकेंद्राने ते सांगितले नाही, मिस्त्रींनी सांगितले नाही. आणि आम्ही कुणालाच विचारले नाही.

विद्यार्थ्याला बोलावून आम्ही ही सर्व हकिगत सांगितली. ती त्याला सांगावी की नाही यावर दोन दिवस विचार केला. गुरूची प्रतिष्ठा वगैरे गोष्टी आड येत होत्या. त्याने ऐकून घेतले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, ते प्रकरण मला परत द्या." आता तो ते नव्याने लिहितो आहे. वेग फार कमी आहे. परवा आणलेली बारा पाने रुक्ष आहेत, वाक्ये अडखळतात, पण ती त्याची आहेत.

आमचे म्हणाल तर, महाविद्यालयात आता मेट्रोने जातो. ही मेट्रो २०२२ च्या मार्चपासून घराजवळून धावत होती. म्हणजे फिल्टर तुंबायच्या कितीतरी आधीपासून. महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढून लोणावळ्याच्या बाजूला नेऊन आणतो, काजळी जळावी म्हणून. स्वच्छ राहण्यासाठी विनाकारण डिझेल जाळत हिंडायचे, यातला विनोद आम्हांला समजतो. गाडी विकावी असे पत्नी म्हणते. विकू, मात्र घेणाऱ्याला सात महिन्यांची ही कथा आधी सांगावी लागेल, आणि ती ऐकून तो किंमत पाडणार.

भिंतीवरचा डाग दोनदा साबणाने घासला. पुसट झाला, गेला नाही. काकूंची खिडकी हल्ली सकाळी उघडी असते की नाही, हे आम्हांला सांगता येणार नाही. कारण त्या वेळी आम्ही गाडीत नसतो, आणि आरसाही नसतो.